यादीतून नाव गेल्यावर

टार्गेट ऑलिम्पिक पोडियम योजनेच्या, म्हणजे ‘टॉप्स’च्या, मुख्य गटात नाव आलं की खेळाडूला महिन्याला ५०,००० रुपये हातखर्च मिळतो. विकास गटात असेल तर २५,०००. शिवाय परदेशातला सराव, प्रशिक्षक, फिजिओ, आहारतज्ज्ञ, साहित्य यांचा खर्च सरकार उचलतं. सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेनं भारतीय खेळाडूंचे दिवस पालटले, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. पण याद्या बदलत राहतात. कामगिरीचा आढावा होतो, नवी नावं येतात, जुनी गळतात. ज्याचं नाव गळतं त्याचा हातखर्च थांबतोच. त्याबरोबर फिजिओ, शिबिरातली खोली, पहाटेची हजेरी, मेसमधलं ताट आणि दहा वर्षांचे सोबतीही सुटतात. वय असतं बावीस-चोवीस. शिक्षण बारावीपर्यंत, तेही कसंबसं. गावाकडे सगळे त्याला खेळाडू म्हणूनच ओळखतात, आणि उद्यापासून तो खेळाडू नसतो.

उच्च कामगिरीच्या कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्यांना आधार कसा द्यावा, या प्रश्नावर गेली चाळीस-पन्नास वर्षं जगभर विचार चालू आहे. आपल्याकडे हा विषय निघतो तो बहुधा एखाद्या जुन्या पदकविजेत्याची हलाखी बातमीत आल्यावर. चार दिवस हळहळ होते, कुणी मदत जाहीर करतं आणि विषय मिटतो. या चर्चेत मोजका पदकविजेता दिसतो, बाकीचे दिसत नाहीत. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला भारताचे ११७ खेळाडू गेले आणि सहा पदकं आली. त्या ११७ जणांच्या मागे राष्ट्रीय शिबिरांत, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘साई’च्या, केंद्रांत, राज्यांच्या क्रीडा प्रबोधिनींत घाम गाळणारे किती असतील याचा अंदाज करावा. यातले बहुतेक सगळे पदकाविना बाहेर पडणार, हे त्यांना आत घेतानाच व्यवस्थेला माहीत असतं. तरीही आपला आधार पदक पाहून दिला जातो, आणि तोही सगळं संपल्यावर. मला हे दोन्ही चुकीचं वाटतं. ते का, हे या प्रश्नाचा आजवरचा प्रवास पाहिल्यावर स्पष्ट होतं.

पाश्चात्त्य अभ्यासकांनी या विषयाकडे पहिल्यांदा पाहिलं ते म्हातारपणाच्या आणि मृत्यूच्या अभ्यासातून उसन्या घेतलेल्या चौकटींतून. खेळ सुटणं म्हणजे जणू सामाजिक मरण, असं मानून एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी मरणासन्न रुग्णांबद्दल मांडलेल्या शोकाच्या पायऱ्या खेळाडूंना लावून पाहिल्या गेल्या. पण विशीतला तरुण आणि साठीतला निवृत्त कर्मचारी यांची स्थिती एक नसते. १९८३ मध्ये समाजशास्त्रज्ञ जे कोकली यांनी उलटा प्रश्न विचारला: खेळ सोडणं ही निवृत्ती की पुनर्जन्म? अनेकांना खेळ सुटल्यावर मोकळंही वाटतं, हे त्यांनी दाखवून दिलं. तिथून पुढे अभ्यासाचा रोख बदलला. खेळ सोडणं ही एका दिवसाची घटना न मानता काही वर्षं चालणारं स्थित्यंतर मानलं जाऊ लागलं.

टेलर आणि ओगिल्वी यांनी १९९४ मध्ये खेळ सुटण्याची चार मुख्य कारणं मांडली: वय, निवडीतून वगळलं जाणं, दुखापत आणि स्वतःची इच्छा. मांडणी साधी आहे, पण इथून पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. पहिली तीन कारणं लादलेली आहेत, चौथं आपल्या हातातलं. स्वतःच्या इच्छेनं, ठरवून थांबलेला खेळाडू सावरतो. अचानक थांबवलेला कोलमडण्याची शक्यता जास्त असते. पार्क, लाव्हाली आणि टॉड यांनी २०१३ मध्ये १२६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही हेच ठळकपणे पुढे आलं. निवृत्ती स्वेच्छेची होती का, आधी काही तयारी होती का, दुखापत किती होती, भोवती माणसं कोण होती आणि स्वतःकडे खेळाडू सोडून दुसरं काही म्हणून पाहता येत होतं का, यावर पुढची वाट ठरते.

यातला शेवटचा मुद्दा सर्वांत खोल आहे. ब्रुअर, व्हॅन रॉल्टे आणि लिंडर यांनी १९९३ मध्ये खेळाडूपणाची ओळख मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. ‘मी म्हणजे माझा खेळ’ ही भावना जितकी पक्की, तितकी सरावातली निष्ठा मोठी. आणि खेळ सुटल्यावर पडणारं भगदाडही तितकंच मोठं. म्हणजे प्रशिक्षक ज्या गुणावर मुलाला निवडतो, तोच गुण पुढे त्याला छळतो. नऊ-दहा वर्षांचं पोर घरापासून दूर वसतिगृहात नेऊन ठेवायचं, शाळा नावापुरती, सण-लग्नकार्य बंद, मित्र फक्त त्याच खेळातले, आणि मग विसाव्या वर्षी सांगायचं की आता दुसरं काही बघ. कॅनडातल्या निवृत्त महिला जिम्नॅस्टांशी बोलून केर आणि डॅसिशिन यांनी २००० मध्ये जो अभ्यास लिहिला, त्यात खेळ सुटणं आणि नवी सुरुवात होणं यांच्या मधला एक लांब टप्पा दिसतो. त्या टप्प्यात या मुलींना आपण कुठलेच नाही असं वाटत होतं. आपल्याकडच्या मुलांचं दुःख याहून निराळं असेल असं मला वाटत नाही.

इथे एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. माजी खेळाडू म्हणजे खचलेला माणूस, हे चित्र खरं नाही. गूटबार्ज आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. चिंता-नैराश्याची लक्षणं माजी खेळाडूंत सुमारे २६ टक्के आणि खेळत असलेल्यांत सुमारे ३४ टक्के आढळली. म्हणजे मनाचा त्रास मैदानात असतानाच सुरू झालेला असतो. बाहेर पडणाऱ्याला तो नव्यानं होतो असं धरून चालत नाही. लाली यांनी २००७ मध्ये काही विद्यार्थी-खेळाडूंचा निवृत्तीच्या आधीपासून नंतरपर्यंत मागोवा घेतला. त्यात आढळलं की जे शेवटच्या वर्षातच हळूहळू इतर गोष्टींत जीव गुंतवू लागले, त्यांची ओळख कोसळली नाही. ती सरकली आणि नव्या जागी बसली. म्हणून मदतीची खरी वेळ बाहेर पडण्याच्या आधीची आहे.

आता आपल्या मातीकडे येऊ. महाराष्ट्राला या प्रश्नाची सर्वांत जुनी आणि सर्वांत बोचरी ओळख खाशाबा जाधव यांच्यामुळे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ मध्ये हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आला. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. सत्तावीस वर्षं नोकरी करून साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि तरीही निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १९८४ मध्ये अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आज त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्यात क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्यांची कथा सांगताना आपण नेहमी उपेक्षेबद्दल बोलतो, पण तिच्यातला दुसरा धडा नजरेआड होतो: त्यांना नोकरी होती. सरकारी, कायम, गणवेशाची. नोकरी लागली म्हणजे खेळाडूचं कल्याण झालं, या आपल्या सर्वांत आवडत्या समजुतीला पहिल्याच ऑलिम्पिक पदकविजेत्याच्या आयुष्यानं तडा दिला होता.

शंकर लक्ष्मण यांचंही तसंच. मराठा लाइट इन्फंट्रीत घडलेला हा हॉकीचा गोलरक्षक १९५६ आणि १९६४ च्या सुवर्णविजेत्या संघात आणि १९६० च्या रौप्यविजेत्या संघात होता. १९७९ मध्ये कॅप्टन म्हणून ते लष्करातून निवृत्त झाले. २००६ मध्ये महू इथे, पायाच्या गँगरीननं, हलाखीत त्यांचा मृत्यू झाला. याच्या शेजारी मुरलीकांत पेटकरांची वाट ठेवून पाहावी. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंगत्व आलेल्या या जवानानं १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. मान्यता त्यांनाही फार उशिरा मिळाली, पद्मश्री २०१८ मध्ये. पण पुण्यात टेल्कोमध्ये त्यांना खरं काम मिळालं होतं. त्यांचं पुढचं आयुष्य पुरस्काराच्या वाटेकडे डोळे लावून अडून राहिलं नाही. सन्मान आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली दिली की दुसरी दिल्यासारखं मानतो.

नोकरीचा मार्ग मी कमी लेखत नाही. रेल्वे, पोलीस, लष्कर, बँका, तेल कंपन्या यांनी भारतीय खेळ उभा केला. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि मोठ्या कामगिरीसाठी थेट नियुक्तीही होते. नरसिंग यादव, राहुल आवारे, विजय चौधरी हे मल्ल पोलीस उपअधीक्षक झाले. रिओत स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी माणदेशची ललिता बाबर महसूल खात्यात अधिकारी झाली. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता म्हणूनच नेमबाजीसारखा महागडा खेळ पॅरिसच्या कांस्यपदकापर्यंत नेऊ शकला. कोरडवाहू शेतीच्या घरातल्या मुलाला ‘नोकरी लागेल’ हे आश्वासन नसतं तर तो मैदानावर आलाच नसता.

पण या मार्गाचं गणित आता बदललं आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचं गिरणगाव मोडलं आणि गिरण्यांचे कबड्डी संघ विरले. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खासगी मालकीत गेली. पूर्वी सार्वजनिक उद्योगांचे संघ म्हणजे चाळीशीपर्यंत खेळ आणि साठीपर्यंत पगार असा सरळ हिशेब होता. तशा जागा आता कमी होत आहेत आणि कंत्राटी नेमणुका वाढत आहेत. जिथे नोकरी मिळते तिथेही एक अडचण उरतेच. खेळाडू कर्मचारी आठ-दहा वर्षं कामावर असतो तो कागदोपत्री. खरं तर शिबिरात आणि स्पर्धांत असतो. खेळ थांबला की तिशीत पहिल्यांदा टेबलाशी बसतो. सोबतचे त्या कामात मुरलेले असतात, याला फाइल कशी फिरते ते ठाऊक नसतं आणि विचारायची लाज वाटते. त्याला कामाचं रीतसर प्रशिक्षण द्यावं, वर्षभर एखाद्या जाणत्या सहकाऱ्याच्या हाताखाली ठेवावं, असा विचार फार थोड्या ठिकाणी होतो. 

महाराष्ट्रात खेळाडूला सामावून घेणारी एक व्यवस्था सरकारच्या कितीतरी आधीपासून होती, ती म्हणजे तालीम. जोड सुटली, वय झालं, तरी पैलवान तालीम सोडत नसे. तो लहान पोरांना लाल मातीत उतरवी, डाव शिकवी, हळूहळू वस्ताद होई. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पिढ्या घडवत राहिले. १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णविजेते हरिश्चंद्र बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले आणि राहुल आवारे त्यांच्या हाताखाली वाढला; बिराजदारांच्या निधनानंतर त्याला काका पवारांनी सांभाळलं. एका पिढीनं दुसरीला हात द्यायची ही रीत जगातल्या कुठल्याही ‘मेंटॉरिंग’ योजनेहून जुनी आहे. गावच्या जत्रेत जुन्या मल्लाला फेटा बांधून मान देतात, तेव्हा तू अजून आमच्यातला आहेस एवढं तरी त्याला कळतं. अभ्यासक ज्याला सामाजिक आधार म्हणतात, तो हाच.

तालमीला मर्यादाही आहेत. शंभर पैलवानांतून वस्ताद दोघे-तिघे होतात. बाकीच्यांसाठी राजाश्रय होता तोवर ठीक होतं. संस्थानं गेली आणि तो आटला. आणि शरीराचा हिशेब तालमीनं कधी मांडला नाही. रोज शेकड्यांनी जोर-बैठका मारणाऱ्या देहाला दूध, तूप, बदाम, मटण हा खुराक पचतो. मेहनत थांबते, खुराक थांबत नाही. भूक सवयीची असते आणि मोठं अंग हीच मानाची खूण असते. मग वजन, साखर, रक्तदाब आणि गुडघे. मेहनत कशी उतरवत न्यायची हे शिकवावं लागतं. शिबिरात वजन वाढवायला आणि घटवायला आहारतज्ज्ञ असतो, पण खेळ सोडल्यानंतर कसं जेवायचं ते सांगायला कुणी नसतं. याला फार पैसे लागत नाहीत. बाहेर पडताना पूर्ण तपासणी, वर्षभर दर तिमाहीला आहारतज्ज्ञाची भेट, आणि खेळताना झालेल्या दुखापतीचे उपचार खेळ संपल्यावरही चालू. गुडघ्याची अस्थिबंधनं देशासाठी खेळताना तुटली असतील तर शस्त्रक्रियेचं बिल घरच्यांनी का भरावं?

केंद्र सरकारच्या आर्थिक आधाराचे दोन मुख्य मार्ग आहेत. गुणवंत खेळाडूंसाठीची पेन्शन योजना १९९४ पासून आहे. २०१८ मध्ये रकमा दुप्पट झाल्या आणि ऑलिम्पिक पदकविजेत्याला महिन्याला २०,००० रुपये, तर आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतल्या रौप्य-कांस्यविजेत्याला १२,००० असं प्रमाण ठरलं. दुसरा मार्ग म्हणजे पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचा कल्याण निधी. त्यातून हलाखीतल्या खेळाडूंना एकरकमी साहाय्य आणि उपचारांसाठी मदत मिळते. दोन्ही योजना चांगल्या आहेत आणि त्यांनी अनेक घरं सावरली आहेत. पण त्यांची रचना पाहा. पेन्शन तिसाव्या वर्षानंतर सुरू होते. जिम्नॅस्ट किंवा जलतरणपटू विशीच्या सुरुवातीला थांबला तर पदक असूनही मधली आठ-दहा वर्षं त्याच्यासाठी काही नाही, आणि शिकायची, नवं काही उभं करायची वर्षं तीच. ज्यानं देशात पाच वर्षं राष्ट्रीय विजेतेपद राखलं पण आशियाई पदक हुकलं, तो पेन्शनच्या दाराबाहेरच. कल्याण निधीसाठी तर हलाखी यावी लागते, आणि ती सिद्ध करावी लागते. एकेकाळी राष्ट्रगीतासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला गरिबीचे कागद घेऊन रांगेत उभं करणं मला फार क्लेशकारक वाटतं.

क्रिकेटचं वेगळं सांगायला नको. तिथे मंडळाकडे पैसा आहे. तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. २०२२ मध्ये क्रिकेट मंडळानं निवृत्तिवेतन वाढवलं तेव्हा भारताकडून कधीच न खेळलेल्या, फक्त प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेल्या जुन्या खेळाडूंचाही त्यात समावेश होता. त्यांच्यातल्या एका गटाचं वेतन १५,००० वरून ३०,००० झालं. देशी स्पर्धा किती वर्षं खेळलास, यावर आधार ठरवता येतो. पदकाचीच मोजपट्टी हवी असं नाही. इतर खेळांनी क्रिकेटकडून पैशाआधी ही कल्पना घ्यावी.

२९ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं ‘रिसेट’ हा कार्यक्रम सुरू केला आणि पहिल्यांदाच निवृत्त खेळाडूंच्या कौशल्यांचा सरकारी पातळीवर विचार झाला. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेकडे तो सोपवला आहे. वीस ते पन्नास वर्षांच्या माजी खेळाडूंना त्यात प्रवेश आहे. आंतरराष्ट्रीयच नव्हे, राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्यांनाही. बारावी व त्यापुढे शिकलेले आणि अकरावी किंवा त्याखाली थांबलेले अशा दोन पातळ्या केल्या आहेत, सुरुवातीला सोळा अभ्यासक्रम ठेवले आहेत, आणि घरबसल्या अभ्यासाला प्रत्यक्ष प्रशिक्षण व उमेदवारीची जोड आहे. अकरावीच्या आत थांबलेल्या खेळाडूसाठी वेगळी पायरी करणं ही प्रामाणिक कबुली आहे. आपण मुलांना शाळेबाहेर काढून खेळाडू केलं, हे तिच्यात मान्य झालं. पण हा कार्यक्रमही निवृत्तीनंतरचाच, आणि अभ्यासक्रम बहुतांशी खेळाच्याच आवारातले. ज्याला खेळाचं तोंडही पाहायचं नाही, ज्याला शेतीमाल प्रक्रिया, नर्सिंग किंवा वायरिंगचं काम शिकायचं आहे, त्याची सोय अजून व्हायची आहे.

इतर देशांकडे पाहताना मला योजनांच्या नावांपेक्षा त्यांच्या वेळेचं आणि कायद्याचं महत्त्व अधिक वाटतं. डेन्मार्कनं १९८४ मध्येच एलिट खेळासाठी कायदा केला आणि त्यातून ‘टीम डॅनमार्क’ ही संस्था उभी राहिली. उच्च पातळीचा खेळ सामाजिकदृष्ट्या जबाबदारीनं वाढवावा, असं बंधन त्या कायद्यातच आहे. म्हणून तिथे खेळाडूचं शिक्षण ही कुणाची मेहेरबानी उरत नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराची क्रीडा संस्था १९८१ ची. नव्वदच्या दशकात तिथे खेळाडूंच्या शिक्षण-करिअरचा स्वतंत्र कार्यक्रम उभा राहिला आणि ब्रिटनसह इतरांनी तो उचलला. युरोपीय संघानं २०१२ मध्ये खेळ आणि शिक्षण-नोकरी बरोबरीनं चालवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कॅनडातला ‘गेम प्लॅन’ खेळत असलेल्या आणि निवृत्त झालेल्या अशा दोघांनाही एकाच छताखाली करिअर, शिक्षण आणि मानसिक आरोग्याची मदत देतो.

ब्रिटनचा अनुभव आपल्याला जवळचा आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तिथे एकच सुवर्ण आलं. मग लॉटरीचा पैसा ओतला गेला, पदकांचं लक्ष्य ठरलं, निवड कठोर झाली आणि पदकं वाढत गेली. वीस वर्षांनी तिथेच प्रश्न विचारला गेला की पदकांच्या या घाईत माणसांचं काय झालं. पॅरालिम्पिकपटू टॅनी ग्रे-थॉम्पसन यांनी एप्रिल २०१७ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात खेळाडूंबद्दलच्या जबाबदारीचे सात विषय मांडले. शिक्षण, मानसिक स्वास्थ्य, दुखापत यांच्या बरोबरीनं स्थित्यंतर हा त्यातला एक होता. आपण आज ब्रिटनच्या पहिल्या टप्प्यात आहोत. पैसा आला आहे, लक्ष्यं ठरली आहेत. दुसरा टप्पा गाठायला आपल्याला वीस वर्षं लागू नयेत.

चीननं दुसरी बाजू दाखवली. सरकारी क्रीडाशाळांतून लहानपणापासून घडवलेली माजी राष्ट्रीय विजेती भारोत्तोलक झोउ छुनलान २००६ मध्ये सार्वजनिक स्नानगृहात लोकांची अंगं चोळून पोट भरताना आढळली, तेव्हा तो देश हादरला होता. तिला लिहिणं-वाचणंही धड शिकवलं गेलं नव्हतं. मुलाला पूर्णपणे खेळाला वाहून घ्यायला लावणाऱ्या व्यवस्थेत हा धोका कायम असतो, मग ती व्यवस्था कुठल्याही देशाची असो.

प्रशिक्षकांची एक भीती या सगळ्या चर्चेत आड येते, आणि ती खोटी नाही. अभ्यास, इंटर्नशिप, ‘नंतर काय’ असल्या विचारांनी मुलाचं लक्ष उडेल, भूक मरेल, असं त्यांना मनापासून वाटतं. डेव्हिड लाव्हाली यांनी ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमधल्या ६३२ व्यावसायिक खेळाडूंचा तीन हंगाम अभ्यास केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतरची आखणी करण्यात जे अधिक गुंतले होते, ते संघात अधिक वेळा निवडले गेले आणि संघात अधिक काळ टिकले. एका अभ्यासावर सगळं तोलू नये हे खरं, पण निदान उलट पुरावा तरी प्रशिक्षकांकडे नाही. मला हे पटतं, कारण पोटाची चिंता असलेला खेळाडू शेवटच्या मिनिटाला सुरक्षित खेळतो. हरलो तर पुढे काही नाही, हे ज्याच्या मनात असतं, त्याचे हात ट्रायलच्या दिवशी जड होतात.

शिक्षणाचा प्रश्न महाराष्ट्रात थेट सरकारच्या दारात येतो. क्रीडा प्रबोधिनीत शाळकरी वयातली मुलं चाचण्या घेऊन निवडली जातात आणि राज्याच्या छताखाली वाढतात. कुसाळेसारखे खेळाडू तिथूनच आले, हे तिचं श्रेय. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे वाढीव गुण मिळतात. गुण मिळाले म्हणजे शिकणं झालं असं होत नाही. बुडालेला बीजगणिताचा धडा वाढीव गुणांनी भरून येत नाही, आणि पुढे कॉलेजात त्याच धड्यावर मूल अडतं. त्या गुणांऐवजी, किंवा त्यांच्या जोडीला, शिबिरात जाणारे शिक्षक, खेळाच्या वेळापत्रकाप्रमाणे सरकणाऱ्या परीक्षा आणि मुक्त विद्यालयाची वाट नीट बांधून दिली तर मूल विसाव्या वर्षी रिकाम्या हातांनी बाहेर पडणार नाही. नाशिकला मुक्त विद्यापीठ असलेल्या राज्यात ही अवघड गोष्ट नसावी.

मुलींच्या बाबतीत बाहेर पडण्याची तारीख पुष्कळदा घरचे ठरवतात. स्थळ येतं, लग्न ठरतं, सासरचे ‘खेळू दे की’ म्हणतात आणि मग घर, मूल, स्वयंपाक यांत सराव मागे पडतो. टेलर-ओगिल्वींच्या चार कारणांत हे पाचवं कारण आपल्याकडे हक्कानं जोडायला हवं. हेही लादलेलंच, पण पत्रकात ते ‘वैयक्तिक कारणास्तव’ म्हणून नोंदलं जातं. बाळंतपणानंतर परत येण्याची सोय, तोवर चालू राहणारा हातखर्च, आणि परत यायचं नसेल तर प्रशिक्षणाचा मार्ग, हे मुलींसाठी वेगळं आखावं लागेल.

प्रशिक्षक होणं हा खेळाडूचा सर्वांत सहज वाटणारा पुढचा टप्पा, आणि नेमबाजीत महाराष्ट्रानं त्याचं सुंदर उदाहरण घालून दिलं आहे. अथेन्स ऑलिम्पिक खेळलेल्या सुमा शिरूर यांनी पनवेलला नेमबाजीची अकादमी उभारली आणि नेमबाज अवनी लेखराला घडवलं. त्याच ऑलिम्पिकला गेलेल्या दीपाली देशपांडे कुसाळेच्या प्रशिक्षक. नेमबाजीत कारकीर्द लांब असते, खेळाडू बहुधा शिकलेले असतात, त्यामुळे हे शक्य झालं. धावणं, कुस्ती, बॉक्सिंग यांत तितकं सोपं नाही. स्वतः उत्तम खेळणं आणि शिकवता येणं यांत अंतर असतं, आणि प्रशिक्षकांच्या जागा मोजक्याच. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत निदान दोन गुणवंत खेळाडू आणि खेळाडू समितीचे प्रतिनिधी असावेत असं बंधन घातलं. हा योग्य दिशेचा बदल आहे, कारण वगळलं जाण्याचं दुःख ज्यांनी भोगलं ते आता यादी करणाऱ्यांच्या खोलीत बसतील.

मनाबद्दल बोलायला आपण आता कुठे शिकतो आहोत, आणि त्याचं बरंच श्रेय अभिनव बिंद्रा यांना आहे. २००८ च्या बीजिंग सुवर्णानंतर आपल्याला मोठी पोकळी जाणवली, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. सर्वोच्च यश मिळवलेल्याचं हे, तर ज्याला चौथ्या क्रमांकावरून घरी पाठवलं त्याचं काय होत असेल? मात्र खेळाडूनं मनातलं बोलावं तरी कुणाशी? प्रशिक्षकाशी बोलला तर निवडीवर परिणाम होईल ही भीती असते, आणि ती रास्त असते. म्हणून स्थित्यंतराचा सल्लागार निवड प्रक्रियेपासून पूर्ण वेगळा हवा, त्यानं गोपनीयता पाळायला हवी, आणि तो शिबिरात रोज दिसायला हवा. ब्रिटनमध्ये खेळाडूंच्या जीवनशैलीचे सल्लागार अनेक वर्षं हे काम करत आहेत. आपल्याकडे शिबिरात मानसतज्ज्ञ येतात, पण मुख्यतः स्पर्धेआधी मन एकाग्र करायला.

या सगळ्यातून राज्यानं उद्या सकाळी काय करावं? पैसा लागतोच, पण सुरुवात फार मोठ्या पैशाची नाही. प्रबोधिनीत किंवा राज्याच्या कुठल्याही उच्च कामगिरी केंद्रात मूल दाखल होतं त्या दिवशी त्याच्या फाइलमध्ये शिक्षणाची आखणीही असावी आणि ती दर वर्षी पालकांसमोर तपासली जावी. वगळायचं असेल तर लेखी, कारणासह आणि समोर बसवून सांगावं; फोनवर किंवा यादीतून नको. वगळल्यावर निदान सहा महिने हातखर्च, वैद्यकीय विमा आणि वसतिगृहाची सोय टप्प्याटप्प्यानं कमी करावी, एका दिवसात तोडू नये. ज्यानं केंद्रात चार-पाच वर्षं दिली त्याला पदक असो-नसो, त्या वर्षांच्या प्रमाणात शिक्षणवृत्ती मिळावी, आणि ती कुठल्याही शाखेला लागू असावी, आयटीआयपासून पदवीपर्यंत. आणि केंद्रातून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलामुलीची पुढची पाच वर्षं नोंद ठेवावी: काय शिकतो, काय कमावतो, तब्येत कशी आहे. ही नोंद दर वर्षी विधिमंडळासमोर पदकांच्या तक्त्याला जोडून ठेवावी, म्हणजे अनुदान मागणाऱ्या केंद्राला किती पदकं आणली याच्याबरोबर किती मुलं कुठे पोहोचली याचंही उत्तर द्यावं लागेल.